संगणक विकला, सातबारा मात्र त्यातच!

गोंदिया : धानविक्रीच्या नोंदणीसाठी शेतकरी सातबारा, आधार कार्ड आणि बँक पासबुक घेऊन संगणक केंद्रावर जातो. कागदपत्रे स्कॅन होतात, नोंदणी होते आणि कागद शेतकऱ्याच्या पिशवीत परत येतात. प्रती मात्र केंद्राच्या हार्ड डिस्कवर राहू शकतात. सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, धानाच्या या जिल्ह्यात हा नेहमीचाच व्यवहार आहे. त्यातच 'विंडोज १०' प्रणालीची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि जुने संगणक बदलण्यास आणखी एक निमित्त मिळाले. असा संगणक भंगारात किंवा दुसऱ्याच्या हाती गेल्यावर त्यातील प्रतींचे काय होते, याचा विचार क्वचितच होतो.

'रिसायकल बिन' रिकामी केली म्हणजे फाइल नष्ट झाली, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात साध्या हार्ड डिस्कवर केवळ फाइलची नोंद खोडली जाते. ग्रंथालयाच्या सूचीतून पत्ता काढला, पण पुस्तक कपाटातच राहिले, असा हा प्रकार. त्या जागेवर नवी माहिती लिहिली जाईपर्यंत जुना मजकूर शाबूत असतो आणि महाजालावर मोफत मिळणारी सॉफ्टवेअर तो परत मिळवून देऊ शकतात. 'क्विक फॉरमॅट'नेही फारसा फरक पडत नाही.

अमेरिकेतील एमआयटीच्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी अवघ्या १२ नीट पुसलेल्या आढळल्या. एक डिस्क तर चक्क एटीएम यंत्रातील निघाली!

उपाय अवघड नाही. जुन्या जागेवर नवी माहिती लिहिणे, हाच तो उपाय. 'विंडोज व्हिस्टा'पासून पुढच्या आवृत्त्यांत 'क्विक फॉरमॅट'समोरील खूण काढून पूर्ण फॉरमॅट केल्यास डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहिली जातात. विंडोज असलेल्या डिस्कसाठी 'रीसेट'मधील 'क्लीन डेटा' हा पर्याय निवडावा. पस्तीस वेळा पुसण्याचा आग्रह १९९६ मधील एका शोधनिबंधातून आला. आजच्या हार्ड डिस्कला त्याची गरज नाही, एकदा नीट पुसणे पुरते.

एसएसडीची गोष्ट निराळी. तेथे माहिती नेमकी कोठे लिहायची, हे यंत्रच ठरवते. त्यामुळे वरून लिहिण्याची खात्री देता येत नाही. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली 'सिक्युअर इरेज' सुविधा वापरावी. त्याहून बरे म्हणजे पहिल्या दिवसापासूनच डिस्क कूटबद्ध ठेवावी. किल्ली नष्ट केली की उरतो तो निरर्थक मजकूर. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही, ती फोडावीच लागते.

डिस्क पुसली तरी ई-मेल, व्हॉट्सॲप आणि पेन ड्राइव्हमधील प्रती उरतातच. त्या वेगळ्या शोधाव्या लागतात. उलट, न्यायालयात पुरावा म्हणून लागू शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद ती सादर होऊ नये म्हणून नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार गुन्हा आहे. चौकशी सुरू असलेल्या प्रकरणाच्या फाइली त्यामुळे बाजूला ठेवाव्यात. एवढा खटाटोप नको असेल त्याने संगणक विकण्यापूर्वी डिस्क काढून घरीच ठेवावी. भाव थोडा कमी येईल, इतकेच.