कागद उघडला, हेर आत आला!

परक्या सरकारांच्या आश्रयानं चालणारी हेरगिरी आता साध्या ई-मेलसोबत येणाऱ्या फाइलमधून कार्यालयात शिरते. तिला अडवायचं कसं?

चेन्नईजवळचं ओरगडम म्हणजे वाहनांचं गाव. कार, ट्रक, मोटरसायकली, टायर... सारं काही इथल्या कारखान्यांतून बाहेर पडतं. मे २०१७मध्ये इथल्या रेनॉ-निस्सानच्या कारखान्याला ‘वॉनाक्राय’ या संगणकीय विषाणूचा तडाखा बसला. सुमारे १५० देशांतल्या संगणकांवर खंडणीची मागणी झळकली होती. हा उद्योग उत्तर कोरियाचा, असा ठपका अमेरिकेनं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ठेवला. उत्तर कोरियानं अर्थातच तो नाकारला.

हा झाला दरोडा. दरोडा निदान कळतो तरी! हेर मात्र आवाज करत नाही. यंत्रांचे आराखडे, पत्रव्यवहार, पासवर्ड तो महिनोन्महिने गुपचूप उचलत राहतो. आणि त्याला दार कोण उघडून देतं? पुष्कळदा आपणच!

फाइलमध्ये दडलंय काय?

निविदा, कोटेशन, सरकारी परिपत्रक, नोकरीचं बोलावणं... अशा फाइली कार्यालयात रोजच येतात. त्यांत ‘मॅक्रो’ नावाची छोटी आज्ञावली लपवता येते. मुळात ती तीच-तीच कामं आपोआप व्हावीत म्हणून केलेली सोय. हेर तिचाच गैरवापर करतो. कधी फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी त्याच्या कामी येते. पडद्यावर मजकूर अगदी व्यवस्थित दिसतो, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

धरमशालेचा धडा

दलाई लामांच्या धरमशाला इथल्या कार्यालयात नेमकं हेच घडलं. कार्यालयानं एका परदेशी मुत्सद्द्याला ई-मेलनं भेटीचं निमंत्रण धाडलं. पाठोपाठ कार्यालयाचा फोन जाण्याआधीच चीन सरकारनं त्या मुत्सद्द्याला ‘भेटू नका’ असं बजावलं! मग तपास सुरू झाला. मार्च २००९मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी ‘घोस्टनेट’ हे जाळं उघडकीला आणलं. १०३ देशांतले १,२९५ संगणक त्यात अडकले होते. तिबेटी चळवळीच्या नावानं आलेली एक वर्ड फाइल संशोधकांनी तपासली, तेव्हा ३४ अँटिव्हायरसपैकी फक्त ११ जणांना तिच्यातला धोका ओळखता आला. चीननं यात आपला हात नसल्याचं सांगितलं.

पुण्याची नजर

अशा फाइलींवर नजर ठेवणाऱ्यांत आपलं पुणंही आहे. काटकर बंधूंनी उभारलेल्या ‘क्विक हील’ची ‘सेकराइट’ ही शाखा हे काम करते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामचा हल्ला झाला. देश हळहळत असतानाच, काही दिवसांत त्या हल्ल्याचा ‘अहवाल’ म्हणून सरकारी लोकांसाठी फाइली सोडल्या गेल्या. त्यांतल्या पीडीएफमधली लिंक पासवर्ड लुबाडायची, तर पॉवरपॉइंटच्या फाइलमधला मॅक्रो संगणकच ताब्यात द्यायचा. सेकराइटनं बोट दाखवलं ते पाकिस्तानशी संबंधित मानल्या जाणाऱ्या ‘एपीटी ३६’ या टोळीकडे. दुःखाच्या घडीला माणूस चटकन फाइल उघडतो, हे या मंडळींना पक्कं ठाऊक!

कुलूप हवं, सवयही हवी

मग उपाय? सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करायचं, हा पहिला. बाहेरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो बंद ठेवायचे, हा दुसरा. मायक्रोसॉफ्टनंही २०२२पासून तशी व्यवस्था केली आहे. तिसरा उपाय म्हणजे महत्त्वाचे संगणक इंटरनेटपासून वेगळे ठेवणं. २०१९मध्ये तामिळनाडूतल्याच कुडनकुळम अणुवीज केंद्रातल्या प्रशासकीय संगणकात घुसखोरी झाली. पण अंतर्गत महत्त्वाचं जाळं वेगळं असल्यानं ते सुरक्षित राहिलं, असं अणुऊर्जा महामंडळानं सांगितलं.

चौथा उपाय फुकटातला. अनपेक्षित फाइल आली, तर पाठवणाऱ्याला आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, ‘ही तुम्हीच पाठवलीत ना?’ साहेबांच्या नावानं आली असेल, तर साहेबांनाही! आणि चुकून उघडली गेलीच, तर न लाजता लगेच संगणक विभागाला सांगायचं. असं सांगणाऱ्यावर कुणी डाफरता कामा नये, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

तिबेटी कार्यकर्त्यांनी तर पुढे मोहीमच काढली: ‘डिटॅच फ्रॉम अटॅचमेंट्स’. आसक्ती सोडा, हा बुद्धाचा उपदेश भिक्षूंना पाठच होता. त्यात आता ई-मेलला जोडून येणाऱ्या फाइलींचीही भर पडली, इतकंच!