वाइनच्या जागी चहा

पॅरिसच्या बड्या रेस्टॉरंटात दर पदार्थाबरोबर नवी वाइन येते. र्‍यू सँतोनोरेवरच्या 'याम'चा'मध्ये जेवायला गेलो तेव्हा तिथंही वाइन होतीच. पण तिथं जाऊन ज्यानं वाइन मागवली त्याचं निम्मं जेवण हुकलं, असं माझं मत आहे.

आदलीन ग्रातार यांनी हे रेस्टॉरंट २००९ मध्ये सुरू केलं आणि वर्षभरातच त्याला मिशलँचा तारा मिळाला. ग्रातारबाई शेफ पास्कल बार्बो यांच्या 'लास्त्रांस' रेस्टॉरंटमध्ये तयार झाल्या, मग हाँगकाँगच्या स्वयंपाकघरातही राबल्या. त्यांचे यजमान ची वा चान मूळचे हाँगकाँगचे. वोक, म्हणजे चिनी कढई, बाईंच्या हाती, चहा यजमानांच्या. काय खायचं हे आपण ठरवायचं नसतं. त्या दिवशी बाजारात जे चांगलं मिळालं तेच ताटलीत येतं.

इथलं जेवण फ्रेंच-चिनी फ्यूजन, आणि फ्यूजन म्हटलं की मला धडकीच भरते. आपल्याकडच्या शेजवान डोशानं हा शब्द पार बदनाम करून ठेवलाय. इथं मात्र दोन चवींची मोट बांधलेली नाही. फ्रेंच सॉस तासन्‌तास आटवतात, वोकमधली भाजी मिनिटाभरात उतरवतात. या दोन वेगांचा मेळ घालण्यात खरं कसब आहे. वाफेवर शिजलेल्या मासळीला लोण्याचा भार नसतो, त्यामुळे खालचा सॉस थोडका असला तरी पुरतो.

आता चहा. आधी पेल्यावर नुसतंच कढत पाणी फिरवून तो गरम करतात. मग चमचाभर पत्ती. पू-अर असेल तर पहिलं पाणी घातल्या घातल्या ओतून टाकतात. पू-अर म्हणजे युन्नानचा, वड्या थापून मुरवलेला चहा. पहिल्या पाण्यानं पत्ती धुतली जाते आणि उलगडायला लागते. खरा चहा दुसऱ्या पाण्याचा. हिरव्या चहाला उकळतं पाणी चालत नाही, तो कडवट होतो. पू-अरला उकळतंच लागतं. एकाच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी घालायचं आणि दर खेपेला चव पालटत जाते. दूध-साखर घालून खळाखळा उकळलेल्या चहाला सरावलेल्या आपल्या जिभेला हे आधी पाणचट वाटतं.

इथला नावाजलेला पदार्थ म्हणजे बाओ. पांढराशुभ्र, वाफवलेला, मोदकाच्या उकडीपेक्षा फुगीर आणि हलका, कारण पिठात यीस्ट असतं. फोडला की आतून वितळलेलं स्टिल्टन चीज आणि पाकातली आमारेना चेरी. चीज इंग्लंडचं, चेरी इटलीची, पाव चिनी आणि जेवणात चीजची ही जागा राखून ठेवणारी रीत फ्रेंच! खारट, तिखटसर चीज जिभेवर थर धरून बसतं. थंड वाइननं तो थर घट्ट होतो. कढत, मातकट पू-अरचा घोट घेतला की तो सुटतो आणि चेरीचा आंबटगोडपणा मागून वर येतो. गरम चहाचं मोल मला त्या घासाला कळलं.

जायचं असेल तर दुपारीच जावं. किंमत खिशाला झेपली तरी रात्री इतका चहा ढोसल्यावर झोपेचं पार खोबरं होतं.