छिद्रांवरून जाणारें हत्यार

यवतमाळ, दारव्हा, पुसद या बाजूच्या शेतकऱ्यांना विहिरीवरचें तेलाचें इंजिन ही नवलाईची वस्तु नव्हे. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढें अशीं इंजिनें खेडोपाडीं पोहोंचलीं. ऐन ओलिताच्या दिवसांत इंजिन दम टाकूं लागलें, थंडाव्याच्या पाण्यांत बुडबुडे दिसूं लागले, कीं मिस्त्री सांगतो, "गॅस्केट गेलें." ब्लॉक आणि त्यावरचें हेड यांच्यामधली ही पातळ गादी. दोष नेहमीं तिच्या माथीं येतो; परंतु कधीं कधीं अपराध असतो तो ज्या पृष्ठावर ती बसते त्याचा. ब्लॉकच्या माथ्यावर दट्ट्याचें मोठें भोंक, पाण्याच्या वाटा, बोल्टांचीं भोंकें असतात. वायु कोंडून धरण्याचें काम या भोंकांच्या कडांनींच करावयाचें, आणि सपाटी बिघडण्याचा धोकाहि तेथेंच अधिक.

असें कां व्हावें? कोनाडा असलेल्या भिंतीला गवंडी गिलावा करतो, तेव्हां लहान थापी कोनाड्याच्या तोंडाशीं आंत कलते आणि कड गोल होते. लांब पट्टी दोन्ही बाजूंवर टेकून सरळ पार जाते. मिलिंगच्या रुंद कटरचेंहि तसेंच. पण साच्यांसारखें पृष्ठ बाकदार असलें कीं वाटोळ्या टोकाचें लहान हत्यार घ्यावें लागतें, आणि थापीची अडचण पुन्हा उभी राहते.

आंकड्यांच्या आज्ञेनें चालणारें मिलिंग यंत्र अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेनें १९५२ सालीं चालवून दाखविलें. आतां वस्तूच्या आकृतीवरून हत्याराचा मार्ग संगणकच आंखून देतो. मात्र तो अक्षरशः आज्ञाधारक. आकृतींत पृष्ठ संपलें कीं त्याच्या लेखीं काम संपलें! मग लहान हत्यार कडेवरून घसरून भोंकांत उतरतें व कड खातें. किंवा, सपाट पृष्ठावरहि, प्रत्येक भोंकाशीं हत्यार वर उचललें जाऊन पलीकडे पुन्हा टेकतें. टेकण्याचे डाग राहतात. वेळ जातो तो निराळाच.

यावरचा उपाय मौजेचा आहे. खरें भोंक तसेंच राहूं द्यावयाचें. केवळ आकृतींत त्यावर काल्पनिक झांकण बसवावयाचें. संगणकाला पृष्ठ अखंड भासतें, आणि हत्यार पोकळींतील हवा कापीत एकाच चालीनें पार जातें. झांकण आजूबाजूच्या पृष्ठाच्याच वळणाचें हवें. फुगीर असलें तर कडेशीं उंचवटा राहील, खोलगट असलें तर कड कापली जाईल. ठोकळा भरीव असेल तर आधीं पृष्ठ व मग भोंक, ही सोपी वाट आहेच. ब्लॉक पडला ओतीव; त्याचें मोठें भोंक ओततांनाच वाळूच्या गाभ्यानें राखलेलें असतें.

झांकणानें धातूचा स्वभाव मात्र बदलत नाहीं. पोकळींतून पुन्हा धातूंत शिरतांना कटरच्या दात्यांना धक्का बसायचा तो बसतोच, आणि कडेवर धातूची धारदार कोर उरते ती मागाहून काढावी लागते.

याहून मोठें भय निराळें आहे. जॉब टेबलावर आवळणारा बोल्ट पुष्कळदां एखाद्या भोंकांतूनच घेतलेला असतो. त्याची आकृति संगणकास दिली नसेल तर झांकणामुळें त्याला तेथें निर्वेध पृष्ठ दिसतें. वर आलेलें बोल्टाचें डोकें दिसत नाहीं. वेगानें फिरणारें हत्यार त्यावर आदळलें तर हत्यार मोडतें आणि जॉबहि जाग्यावरून हलतो. म्हणून जाणता कारागीर पहिली फेरी हत्यार उंच धरून हवेंतच काढतो, आणि त्या वेळीं त्याची नजर पडद्यावर नसते, भोंकांवर असते.