औषधांचीही परीक्षा असते

परीक्षा केवळ विद्यार्थ्यांनाच द्यावी लागते असे नव्हे. औषधांनाही ती चुकत नाही, आणि त्यांची परीक्षा आपल्या परीक्षेहून कितीतरी कठोर असते. रुग्णांच्या संमतीने घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेस वैद्यकशास्त्रात 'क्लिनिकल ट्रायल', म्हणजेच औषधचाचणी म्हणतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगासारख्या दुर्धर रोगाशी चाललेल्या झगड्यात या चाचण्यांनी काय साधले, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पोटात खोलवर असलेली ग्रंथी होय. अन्न पचविणारा रस आणि रक्तातील साखरेचे नियमन करणारे इन्सुलिन ती निर्माण करते. तेथील कर्करोगाचा सुगावा लवकर लागत नाही. अपचन, पोटदुखी, वजन घटणे ही लक्षणे सामान्य दुखण्यांतही आढळतात. रोग ओळखू येतो तोवर तो बहुधा पसरलेला असतो. पाचांपैकी फार तर एखाद्याच रुग्णावर शस्त्रक्रिया करता येते. इतरांची भिस्त मुख्यतः औषधांवर असते.

मग नवे औषध गुणकारी आहे, हे ठरवावे कसे? एका रुग्णास बरे वाटले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो मुळातच सशक्त असेल. म्हणून चाचणी पायरीपायरीने घेतात. प्रथम थोड्या रुग्णांवर औषधाची सुरक्षित मात्रा ठरवितात. नंतर त्याने रोगाची गाठ आकसते का, ते पाहतात. शेवटी शेकडो रुग्णांचे दोन गट करून एकास नवे औषध व दुसऱ्यास तोवरचा सर्वोत्तम उपचार देतात. कोण कोणत्या गटात जाईल, हे डॉक्टर ठरवीत नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ते यदृच्छेने ठरते. त्यामुळे पक्षपातास वाव राहत नाही.

सन १९९७ मध्ये १२६ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जुने औषध फ्लुरोयुरॅसिल घेणाऱ्यांपैकी एक वर्षानंतर शेकडा २ जण हयात होते; जेमसिटाबिन हे नवे औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा १८. लाभ अल्प खरा, पण निःसंशय होता. पुढे जेमसिटाबिन हेच तुलनेचे माप ठरले. सन २०११ मध्ये फ्रान्समधील ३४२ रुग्णांच्या चाचणीत चार औषधांच्या 'फोल्फिरिनॉक्स' या योजनेने त्यालाही मागे टाकले. निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले, तो काळ ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेला. या योजनेचा शरीराला होणारा त्रासही मोठा असल्याने ती सशक्त रुग्णांनाच झेपते, हेही त्याच चाचणीने दाखविले. मग तीच योजना थोडी सौम्य करून, शस्त्रक्रिया झालेल्या ४९३ रुग्णांवर फ्रान्स व कॅनडा येथे चाचणी झाली. सन २०१८ च्या तिच्या निष्कर्षात तो काळ ३५ महिन्यांऐवजी ५४.४ महिने भरला. एका परीक्षेत पहिले आलेले औषध पुढच्या परीक्षेत मागे पडले, आणि त्यातूनच उपचार पुढे सरकला.

अपयशही वाया जात नाही. गाठीतील दाट पदार्थ विरघळवून औषधांना वाट करून देणारे एक द्रव्य लहान चाचणीत आशादायक ठरले होते. सन २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत ते निष्फळ ठरले. ती चाचणी झाली नसती, तर असंख्य रुग्णांनी व्यर्थ आशेपायी पैसा व प्रकृती दोन्ही गमावली असती.

या चाचण्यांत रुग्णाचे हित सर्वांआधी पाहावे, असा दंडक जागतिक वैद्यक संघाने १९६४ साली हेलसिंकी येथील जाहीरनाम्यात घालून दिला. रुग्णास धोके समजावून सांगावे लागतात, त्याची संमती घ्यावी लागते, आणि तो केव्हाही बाहेर पडू शकतो.

वर दिलेले आकडे आम्ही सहज लिहून गेलो. परंतु त्यांतील प्रत्येक एकक म्हणजे एक माणूस आहे. आपल्याला कोणता गट मिळेल, औषध लागू पडेल की नाही, हे ठाऊक नसताना तो चाचणीस तयार झाला. त्यांतील अनेकांना फार दिवस लाभले नाहीत. पण आज या रोगाच्या रुग्णास डॉक्टर विश्वासाने जे औषध देतात, त्यामागे या अनामिकांची साक्ष उभी आहे. विज्ञानाचा इतिहास वाचताना शास्त्रज्ञांच्या नावांबरोबर त्यांचेही स्मरण आपण ठेविले पाहिजे.