ताण आणि विसावा : पाश्चात्त्य संगीतातील कॉर्डचे कार्य

आपल्या संगीतात तंबोरा अखंड षड्ज देत असतो. गायक कितीही दूर गेला तरी मूळ स्थान कानांवर असतेच. पाश्चात्त्य संगीतात असा अखंड आधारस्वर सहसा नसतो. मग तेथे रचनेचे घर कोठे आहे, हे श्रोत्याला कसे उमगते? याचे उत्तर कॉर्डमध्ये, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांच्या समूहात आहे.

शाळेच्या पेटीवर हा प्रयोग सहज करता येतो. पांढरी एक हा षड्ज मानून सा, ग, प एकत्र वाजवावेत. नाद स्थिर वाटतो. ही झाली घरची कॉर्ड. आता प, शुद्ध नी, वरचा रे व वरचा शुद्ध म एकत्र दाबून थांबावे. वाक्य अर्धवट राहिल्यासारखे वाटते. येथे नी आणि म परस्परांशी जुळत नाहीत. शिवाय नी वरच्या सापासून आणि म गपासून केवळ अर्ध्या स्वरावर असतो. नी वर साकडे व म खाली गकडे सरकला, की ताण निवळतो. यात नादाचा गुणधर्म आहे, तशीच कानांची सवयही आहे. कॉर्डच्या या परस्परसंबंधांची पद्धतशीर मांडणी फ्रेंच संगीतकार जाँ-फिलिप रामो यांनी १७२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली.

मात्र स्थैर्य हा कोणत्याही कॉर्डचा जन्मसिद्ध अधिकार नव्हे. ते संदर्भाने लाभते. सा, ग, प यांत कोमल नी मिळवताच तीच कॉर्ड अस्वस्थ होते व मध्यमाकडे ओढ घेते. २ एप्रिल १८०० रोजी व्हिएन्ना येथे प्रथम सादर झालेली बीथोव्हेन यांची पहिली सिंफनी याच कॉर्डने सुरू होते. तिचे घर पांढरी एक. पण आरंभीच्या तीन जोड्या श्रोत्याला अनुक्रमे मध्यम, धैवत व पंचम यांच्याकडे नेतात. संथ प्रस्तावना संपून द्रुत भाग सुरू होतो, तेव्हा कोठे षड्जावर खात्रीचा मुक्काम घडतो.

तंबोरा जे सतत सांगतो, ते येथे ताण सुचवतो. म्हणून ताण हा रचनेतील दोष नव्हे. मुक्काम कोणत्या दिशेला आहे हे दाखवणारा तो वाटाड्या आहे. वाचकांनी वरील दोन कॉर्ड पेटीवर एकापाठोपाठ वाजवून पाहाव्यात आणि मग क्रम उलटा करावा. स्वर तेच राहतील. पण पहिल्या वेळी कान दारातच उभे राहतील, दुसऱ्या वेळी घरी पोहोचतील.