ग्रामसभा : गावाला विचारण्याची रीत

गावात पाण्याची टाकी आधी व्हावी की वाडीकडे जाणारा रस्ता, हे कोणी ठरवावयाचे? 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभेची तरतूद होतीच. 73 व्या घटनादुरुस्तीने 24 एप्रिल 1993 पासून तिला घटनात्मक अधिष्ठानही लाभले. गावाच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सभासद होय. तथापि सभा भरणे आणि गावाचे मत कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्या उपस्थितीने गणपूर्ती होते. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर जण आले, की सभा कायदेशीर ठरते. उरलेले एकोणीसशे काय म्हणतात, हे इतिवृत्तात येत नाही. शंभरही न आल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे कायद्याचे पालन होऊनही गाव अबोल राहू शकते.

याचे मूळ पुष्कळदा निमंत्रणातच असते. कार्यालयाच्या फलकावर नोटीस लागते, दवंडी पिटली जाते. पण ती दूरच्या वाडीपर्यंत पोहोचतेच असे नाही. सभा 15 ऑगस्टला सकाळी ध्वजवंदनानंतर ठेवली, तर निंदणीच्या रोजावर गेलेल्या मजूर स्त्रिया येणार कशा? नोटिशीची भाषाही तशीच. ‘वित्त आयोगाच्या निधीतून करावयाच्या कामांस मंजुरी देणे’ या ओळीवरून निधी किती आणि तो कशावर खर्च करता येतो, याचा बोध होत नाही. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातील अनुदानापैकी 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली होती. हे आधी न सांगता लोकांकडून मागण्यांची यादी घेतली, तर पुढे रस्ता का झाला नाही म्हणून ग्रामसेवकावर रोष येतो. तो रोष अनाठायी असला, तरी अकारण नसतो.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद विशेष मोलाची आहे. हंडा डोक्यावर घेऊन जी चालते, तिला कोणता हातपंप केव्हा आटतो हे अचूक ठाऊक असते. मात्र ही सभा मुख्य सभेच्या अर्धा तास आधी, केवळ सह्यांपुरती उरकली गेली, तर त्या माहितीचा उपयोग होत नाही. ती एक-दोन दिवस आधी, शक्यतो वाडीतच घ्यावी आणि तिचे ठराव मुख्य सभेत प्रथम वाचावेत.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाळली. त्यासाठी अभ्यासगटांत विषयाची आधी चर्चा केली जाते. वेळ लागतो, हे खरे. याच गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. सर्वच मोठ्या गावांना सर्वसहमती साधेल असे नाही. सभेपूर्वी विषय समजावून देणे मात्र कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे. शिक्षकांचे साहाय्य येथे फार उपयोगी पडते.

राहिला प्रश्न उत्तराचा. मागील सभेत मागितलेल्या कामांपैकी कोणती झाली, कोणती अडली आणि कशामुळे, हे साध्या मराठीत लिहिलेला कागद शाळेच्या, रेशन दुकानाच्या व प्रत्येक वाडीच्या भिंतीवर लागला पाहिजे. न झालेल्या कामांची नावे त्यात आधी असावीत.