तुटलेल्या सुट्या भागाची प्रतिकृती

कपडे धुण्याचे यंत्र दहा-बारा वर्षे बिनतक्रार चालते आणि एके दिवशी वेळ लावण्याचे प्लॅस्टिकचे बटण हातात येते. मोटार सुस्थितीत असते, टाकीला गळती नसते. केवळ बटणाच्या पोटातील, शाफ्टवर घट्ट बसणारी नळी चिरलेली असते. उत्पादकाने ते मॉडेल बंद केले असल्यास सुटा भाग मिळत नाही आणि काही ग्रॅम प्लॅस्टिकअभावी संपूर्ण यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. अशा भागाची प्रतिकृती आता स्कॅनर, संगणक व त्रिमितीय मुद्रण यांच्या साहाय्याने लहानशा कार्यशाळेतही तयार करता येते. मात्र कागदाची छायाप्रत निघावी तशी ती आपोआप निघते, ही समजूत बरोबर नाही.

स्कॅनर वस्तूवर प्रकाशाचे पट्टे टाकतो आणि ते पृष्ठभागावर कसे वाकतात यावरून असंख्य बिंदूंची स्थाने निश्चित करतो. साध्या कॅमेऱ्याने सर्व बाजूंनी पन्नास-साठ छायाचित्रे घेऊनही हे साधते. परंतु त्यातून आकार मिळतो, माप मिळत नाही. म्हणून वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवावी लागते. काळा, चकचकीत किंवा पारदर्शक पृष्ठभाग स्कॅनरला नीट दिसत नाही. त्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर देतात. मिळालेले बिंदू जोडून संगणक त्रिकोणांची एक जाळी विणतो व बटण पडद्यावर हुबेहूब उभे राहते.

हुबेहूब असणे हीच येथे अडचण ठरते. तुटलेला भाग वर्षानुवर्षे झिजलेला असतो; स्कॅनर त्या झिजेची आणि चिरेचीही इमानाने नक्कल करतो. शिवाय खोल, अरुंद छिद्रात प्रकाश पोहोचत नाही, आणि बटणाचे सारे कार्य तर त्या छिद्रावरच अवलंबून असते. म्हणून जाणता कारागीर तुटलेले बटण मोजत बसत नाही. तो यंत्रातील शाबूत शाफ्टला व्हर्नियर कॅलिपर लावतो. शाफ्ट एका बाजूने सपाट, म्हणजे इंग्रजी 'डी' अक्षरासारखा असेल, तर त्याचा व्यास आणि सपाट बाजूपासून समोरच्या कडेपर्यंतचे अंतर अशी दोन मापे घ्यावी लागतात. स्कॅनची जाळी केवळ मार्गदर्शक रेषेसारखी खाली ठेवून तिच्यावर मापबद्ध आराखडा नव्याने रचला जातो. बोटांनी धरावयाचा बाह्य आकार स्कॅनमधून, तर छिद्र शाफ्टच्या मापावरून घेतले जाते.

या टप्प्यावर मूळ दोष सुधारण्याची संधीही मिळते. नळीची भिंत पातळ असल्याने ती चिरली असेल, तर जागा असेल तेवढी ती जाड करता येते. आतील काटकोनी कोपऱ्यांना गोलाई देता येते. मुद्रणात छिद्रे किंचित लहान उतरतात. म्हणून ६ मिलिमीटरच्या शाफ्टसाठी छिद्र सुमारे ६.२ मिलिमीटरचे आखतात आणि प्रथम चार मिलिमीटर उंचीचे नुसते कडे मुद्रित करून ते शाफ्टवर बसवून पाहतात. एका थराची जाडी ०.२ मिलिमीटर धरली, तर हे कडे वीस थरांत पुरे होते. घाईने संपूर्ण बटण काढून ते फेकून देण्यापेक्षा हे बरे.

थर एकमेकांपासून सुटण्याची भीती असते. बटण उभे ठेवून मुद्रित केल्यास प्लॅस्टिकचे धागे शाफ्टभोवती कड्यासारखे फिरतात व नळी सहसा चिरत नाही. आडवे ठेवल्यास ती थरांच्या रेषेतच फुटते. पीएलए हे प्लॅस्टिक स्वस्त व वापरण्यास सोपे असले, तरी सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. उन्हातील किंवा गरम पाण्याजवळील भागांसाठी पीईटीजी अधिक योग्य होय.

वितळलेल्या प्लॅस्टिकचा धागा थरांमागून थर पसरविण्याची ही पद्धत अमेरिकेतील स्कॉट क्रम्प यांनी शोधली. तिच्या मूळ पेटंटची मुदत २००९ मध्ये संपल्यावर यंत्रे झपाट्याने स्वस्त झाली. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात, एमआयटी या अमेरिकन संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्येच 'फॅब लॅब' सुरू झाली. संगणकावर आखलेली वस्तू यंत्राकडून घडवून घेण्याची विद्या ग्रामीण तरुणांपर्यंत नेणारी ती कार्यशाळा आहे.

अर्थात, मूळ सुटा भाग मिळत असेल तर तोच घेणे सोयीचे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले. दुरुस्ती व सुटे भाग यांविषयीची उत्पादकांची माहिती तेथे एकत्र मिळावी, हा त्यामागील उद्देश आहे. प्रेशर कुकरची झडप, गॅसचा रेग्युलेटर, विजेचा प्लग यांसारखे भाग मात्र कधीही अशा रीतीने बनवू नयेत. अन्नाशी सतत संपर्क येणाऱ्या भागांबाबतही हेच लागू आहे, कारण थरांमधील बारीक खाचांत अन्नकण अडकतात व ते धुऊन निघत नाहीत.